खुंटीवरचं ऊन

मित्रांनो, मी घोड्याची एक जुनी झूल आहे. हसू नका! आज मला कसर लागली असली, तरी इंग्रजांच्या अमदानीत कोरीट गावच्या छगनच्या घरात माझा मोठा थाट होता.

माझं अंग धनगराच्या लोकरीचं. त्यावर नक्षी केली ती छगनच्या बायकोने, सुगंधाबाईने. बोटांभोवती लाल-पिवळी लोकर गुंडाळायची, मधोमध करकचून बांधायची, कडा कातरायच्या आणि तळहातांत चोळायचं, की झाला टपोरा गोंडा! त्याच लोकरीची ती फुलं करी, पोपट करी, मोरही करी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तिच्या हातच्या वस्तूंवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडत. "हाई झूल देखीसन घोडा बी मान ताठ करी," असं तिची सासू अनुसयाबाई कौतुकाने म्हणे. ते ऐकून मी फुगून जात असे.

त्या मार्गशीर्षात मीही जत्रेला जायची होते. पण माझी एक कड शिवायची राहिली आणि दिवस भरायच्या आधीच सुगंधाबाईच्या पोटात दुखू लागलं. छगन तर गोंडे घेऊन कधीच जत्रेला गेला होता. सुरतेकडची रेवाबेन नावाची सुईण गावात बहिणीकडे आली होती. अनुसयाबाईने तिला हाताला धरून आणलं. मुलगा झाला, पण केवढासा! किती नवसांनी त्या घरात पाळणा हलला होता.

निघताना रेवाबेनने उंबऱ्यातून बजावलं, "छोकराने आखो दिवस ऊनमां राखजो, हों! ठंडी लागी तो बचशे नहीं."

अनुसयाबाईने मान डोलावली. तिला वाटलं, सगळं समजलं. रेवाबेनला गाडी गाठायची होती, तीही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळाची खाट अंगणात आली. अंगावर जुन्या लुगड्याचं फडकं. ऊन सरकलं की अनुसयाबाई खाट सरकवी. बिचारीने भाकरसुद्धा खाटेशेजारी बसून खाल्ली. पण वारा बोचरा होता. बाळाचे ओठ निळे पडत चालले. मी मात्र आत खुंटीवर नुसती लोंबत होते. घोड्याची वस्तू तान्ह्या लेकराला पांघरायची, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग एके सकाळी आभाळच भरून आलं.

"आज ते ऊनच नही, माय! आते काय करू?" अनुसयाबाई रडकुंडीला आली.

"घरमा लई जाऊत का?" सुगंधाबाईने क्षीण आवाजात विचारलं.

"नही वं! बेन सांगी गयनी, ऊनमाच ठेवानं. निंघी, आते निंघी ऊन."

आणि ती लेकराला मांडीवर घेऊन उघड्या अंगणात आभाळाकडे डोळे लावून बसली. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बाई, आत ये, मी आहे ना! पण झुलीला कुठलं तोंड? दुपार व्हायच्या आधीच बाळ तिच्या मांडीवर गार झालं.

पुढच्या खेपेला रेवाबेन बाळाला पाहायला आली आणि रिकाम्या पाळण्यापाशी थबकली. अनुसयाबाईने रडत रडत सारं सांगितलं. तेवढ्यात रेवाबेनची नजर माझ्याकडे गेली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अरे, आ रह्युं ऊन! घरमां ज हतुं!"

घरातच ऊन? अनुसयाबाई वेड्यासारखी दाराबाहेर पाहू लागली. तेव्हा रेवाबेनने मला खाली काढून तिच्या हातात दिलं आणि या वेळी मराठीत सांगितलं, "ही लोकर, बाई. आमच्यात हिलाच ऊन म्हणतात."

अनुसयाबाईने मला मुठीत घट्ट धरलं. "मीच मारं त्याले," एवढंच ती म्हणाली. सुगंधाबाईने सासूला ना दोष दिला, ना धीर. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्या हातांनी एकही गोंडा केला नाही.

मला कुणी विकायला नेलं नाही. गावात जिथे बाळंतपण होई, तिथे अनुसयाबाई मला घेऊन धावे. "लोकर शे हाई, लोकर," असं पुन्हा पुन्हा सांगून बाळाला गुंडाळून देई. कितीतरी लेकरं माझ्या उबेत वाढली. सुगंधाबाईची कूस मात्र पुन्हा उजवली नाही.

मित्रांनो, परक्या बोलीतला शब्द कितीही ओळखीचा वाटला, तरी "म्हणजे काय?" एवढं विचारायला लाजू नका. अनुसयाबाईने विचारलं असतं, तर रेवाबेनने उंबऱ्यातूनच माझ्याकडे बोट दाखवलं असतं.