गोविंदाच्या पोरीचे डोळे

“नाई म्हंजे नाई, सिस्टर! त्या एवढ्याशा डोळ्यात मी आग पडू देणार नाई!”

गोविंदाच्या आवाजानं नवजात बाळांच्या कक्षाबाहेरच्या बायांनी माना वर केल्या. धम्मशीला सिस्टरनं आपला आवाज मात्र चढवला नाही.

“आग नाई भाऊ, लेसर हाये.”

“लेसर म्हंजे उजेडच ना? उजेडानं काय होते, ते मले नका सांगू.”

ते खरंच होतं. मोताळ्याच्या रस्त्यावर गोविंदाचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांची फाटकं, गुरांच्या गव्हाणी. त्यानं केलेला जोड सुटला, असं तालुक्यात कुणी म्हटलं नव्हतं. शिकाऊ असताना एकदा काळी काच न लावता त्यानं वेल्डिंग केलं होतं. डोळ्यांत तापलेली रेती भरल्यासारखं झालं, आणि आई तानुबाईनं ठेवलेल्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर घेऊन तो अंधाऱ्या खोलीत पडून राहिला होता.

त्याची पोरगी सातव्या महिन्यातच जन्मली होती. काचेच्या पेटीत तिनं दिवस काढले, वजन धरलं, बायको वंदनाच्या छातीशी दूध ओढायला लागली. आता घरी न्यायचं, तेवढ्यात आज डोळ्यांच्या डॉक्टर पुष्पांजलीबाईंनी तिला तपासलं आणि हे निघालं.

बाई बाहेर आल्या. त्यांनी त्याचं बोलणं ऐकलं होतं.

“डोळ्याच्या आत पडदा असतो,” त्या म्हणाल्या. “बाळ लवकर आलं, म्हणून त्याच्या कडेपर्यंत रक्ताच्या नसा पोचल्याच नाहीत. आता तिथं वेड्यावाकड्या नसा फुटताहेत. त्या पडदा ओढून सोडवतील. मग कुणाच्या हातात काही राहत नाही. त्या नसा थांबवायला मी फक्त कडेचा भाग जाळणार. ज्यानं नीट दिसतं त्या मधल्या भागाला हात लावणार नाही.”

“कडेचं जाळलं तं तिकडचं दिसन?”

“थोडं कमी दिसेल.”

गोविंदानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. काहीच होणार नाही असं सांगणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास बसत नसे.

“आन् दोनी डोळे वाचतीन?”

“डाव्याची मला खात्री आहे. उजवा बराच पुढं गेलाय. पण दोन दिवस थांबलात, तर डाव्याचीही खात्री देता येणार नाही.”

गोविंदाला दुकानातलं काम आठवलं. ट्रॉलीच्या पत्र्याला तडा गेला, की त्याच्या टोकाशी तो स्वतःच भोक पाडायचा. पत्रा थोडा जाई, पण तडा तिथंच थांबे. गिऱ्हाईक ओरडायचं, ‘अजून काऊन फोडतो बे?’

एवढा वेळ भिंतीला टेकून बसलेली वंदना उठली.

“तुमी आत जा. तुमाले उजेडातलं समजते. माह्याच्यानं पाहणं होणार नाई. पण करा. आजच करा.”

गोविंदानं डॉक्टरांना विचारलं, “मी आत उभा राहू?”

त्यांनी त्याच्या हातात एक चष्मा दिला. सवयीनं त्यानं तो खिडकीकडे धरून पाहिला. “बरी हाये काच,” म्हणाला आणि डोळ्यांवर चढवला.

धम्मशीला सिस्टरनं बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला, मग डोकं दोन्ही हातांत धरलं. डॉक्टरांनी पापण्या उघड्या ठेवायला बारीकशी तार लावली, तेव्हा गोविंदानं मान फिरवली. मग पुन्हा वळवली. पाहायलाच तर तो आला होता.

ठिणगी उडाली नाही. धूर नाही, वास नाही. यंत्राची नुसती टिकटिक. पोरगी रडली, तसं त्यानं आपलं घट्टे पडलेलं बोट तिच्या पावलाला लावलं आणि तिथंच ठेवलं. नजर मात्र त्यानं डॉक्टरांच्या हातावर रोखली. हात थांबे, जागा पाही, पुन्हा चाले. कुठंही घाई नाही, कुठंही थरथर नाही. चांगला हात गोविंदाला ओळखता येत होता.

“हात बसला हाये बाई तुमचा,” शेवटी तो म्हणाला.

“शिकवणाऱ्या मॅडम फार कडक होत्या,” चष्मा काढत बाई हसल्या.

“माहा उस्ताद बी तसाच होता.”

पुढं तपासणीला तो एकदाही चुकला नाही. दुकान बंद ठेवून, वंदनाला नि पोरीला घेऊन एसटीनं जायचा. डावा डोळा स्वच्छ राहिला. उजव्याचा पडदा सरकला, तो सरकलाच. डॉक्टरांनी ते कमी शब्दांत सांगितलं. वंदना रडली. गोविंदानं पोरीचं टोपरं सारखं केलं आणि पुढच्या खेपेची तारीख विचारली.

एके दिवशी सकाळी घरातच त्यानं शिडी लावली.

“काऊन रे, पाळणा तं बरा होता तिथं,” तानुबाई म्हणाली.

“तिथून दार तिच्या उजव्या अंगाले येते, माय. कोणी आलं तं दिसत नाई तिले. दचकते.”

डोकं फिरवून निजवावं, तर ते उत्तरेला येई, आणि ते तानुबाईला चालणारं नव्हतं. म्हणून गोविंदानं पोरीला, वंदनाला नि तानुबाईला बाहेर पाठवलं, छताच्या लोखंडी अँगलवर दाराच्या पलीकडच्या बाजूला, दार पोरीच्या डाव्या अंगाला येईल असा, नवा आकडा वेल्डिंगनं जोडला. गार झाल्यावर त्याला लोंबकळून पाहिलं. मग पाळणा अडकवला आणि पोरीला आत निजवलं.

दार उघडं होतं. गल्लीतून कुणाची तरी शेळी चालली होती. पोरीची मान हळूहळू तिच्याबरोबर वळत गेली, शेळी चौकटीआड होईपर्यंत.

गोविंदानं शिडी खांद्यावर घेतली आणि दुकान उघडायला गेला.