आधी कुणी उतरायचं

“गूळ खाल्ल्यावर दगड काय मऊ हुतो व्हय?” बंडेप्पा पुटपुटला, तोही कोंडाबाईच्या अगदी कानाशी. ती त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवत होती. “मालकाला वाटायलंय, आपण मुंगळे हाव.”

“मग टाक माघारी.”

बंडेप्पानं खडा तोंडात टाकला. “तसं बी म्हणलं न्हाई मी, अक्का.”

गूळ ही गुंडेरावांची पहिली युक्ती. कमठाण्याच्या शिवारात त्यांची विहीर चालली होती आणि गेला महिनाभर ती चालत नव्हती, रांगत होती. काम होतं पिराप्पाच्या टोळीकडं. नऊ बाप्ये, चार बाया, सगळी हुलसुराकडची. त्यांचे आजे मेंढरांमागं फिरले; मेंढरं कमी झाली तशी नातवांनी पहार धरली. पिराप्पा त्यांचा मुकादम, कोंडाबाई त्याची बायको. मातीची पाटी वाहायची आणि सगळ्यांच्या भाकरी थापायच्या, ही तिची कामं. तिसरंही एक काम होतं, पण ते कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

गुंडेराव बारा वर्षं हैदराबादेत एका गिरणीत माणसांवर देखरेख करून आले होते. येताना एक घड्याळ, एक छत्री आणि माणसांविषयीची बरीच मतं घेऊन आले. पुढं काही दिसल्याशिवाय माणूस पाय उचलत नाही, हे त्यांचं मुख्य मत. गुळानं पाय उचलले नाहीत, तेव्हा त्यांनी बिदरहून एक किरमिजी फेटा आणवला आणि काठावरच्या लिंबाला टांगला. आठवड्यात ज्याचा दगडाचा ढीग सगळ्यांत मोठा, त्याला इनाम.

आठवडा सरला. गुंडेरावांनी ढिगांभोवती पावलं टाकून मोजली. सगळे ढीग सारखे. अगदी सारखे, पाभरीनं आखल्यासारखे. आदल्या संध्याकाळी माणसांनीच इकडचे दगड तिकडं टाकून ते सारखे केले होते. कोंडाबाईनं ते पाहिलं होतं आणि चुलीकडं तोंड फिरवलं होतं. ज्याच्या डोक्याला तो फेटा बसेल तो मुकादमासारखा दिसेल, आणि तसं दिसायची कुणाचीच तयारी नव्हती. गुंडेराव मात्र म्हणाले, “आळशी हायत लेकाचे. आळसात तेवढी एकी!”

खरं काय ते टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

विहिरीच्या कामात एक रीत असते. सुरुंगाचा बार उडाला, धूर निवला, की आधी मुकादमानं उतरायचं. दरड हलतेय का, एखादा बार न उडता राहिलाय का, ते बघायचं. मग खालून हाक द्यायची, “या.” पिराप्पा ही हाक अशी द्यायचा, की खाली पाट मांडून ताटं वाढलीत असं वाटावं. त्या हाकेवर ही माणसं तेरा वर्षं दगड फोडत आली होती. तेव्हा गूळ नव्हता, फेटाही नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात जनवाड्याला पिराप्पा असाच उतरला. बघितलं, हाक दिली. टोळीतला तिप्पण्णा पहिला खाली आला, आणि विझला म्हणून सोडलेला बार त्याच्या पायाशी उडाला. तिप्पण्णा गेला. चार हातांवर उभ्या पिराप्पाला ओरखडासुद्धा आला नाही. लोकांनी त्याला देवाची कृपा म्हटलं. त्यानं तेव्हा मान खाली घातली ती घातलीच.

कमठाण्याची ही त्यानंतरची पहिली विहीर. वरचा तांबडा दगड कुदळीनं निघाला, तोवर ठीक होतं. खाली काळा पाषाण लागला आणि पहिले बार उडवले, त्या दिवशी पिराप्पा दोर हातात धरून काठावर उभा राहिला. उभाच राहिला. माणसं बघत होती. त्याच्या मानेवरून घामाची धार निघाली तशी कोंडाबाई मागून बोलून गेली, “अवं, गुडघा दुखायलाय न्हवं तुमचा? ऱ्हाऊ द्या आज. काशा जाईल की.”

काशाप्पा तिचा पाठचा भाऊ. तो उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. कुणी तेल आणून दिलं, कुणी आपल्या चुलत्याच्या गुडघ्याची हकिकत सांगितली. पिराप्पा लंगडायला लागला. कधी डाव्या पायानं, घाईत असला तर उजव्या. कोंडाबाई रोज दोन्ही गुडघ्यांना तेल चोळायची, म्हणजे कुणाला चुकल्यासारखं वाटू नये. हेच तिचं तिसरं काम.

पण काशाप्पानं खालून दिलेल्या हाकेला ते वजन नव्हतं. माणसं उतरायची ती एकमेकांची तोंडं बघत, पाऊल ठेवायची ते जपून. भ्यालेल्या हाताचा घण हलकाच पडतो. विहीर रांगत होती ती अशी.

शेवटी गुंडेराव म्हणाले, “मिरगाच्या आत पाणी न्हाई लागलं, तर मी दुसरी टोळी आणतो.” आणि छत्री उघडून स्वतःच काठावर बसले.

त्या दिवशी सात बार भरले होते. काशाप्पानं वाती पेटवल्या आणि दोरानं वर आला. माणसं बांधाआड बसली. कोंडाबाई बोटं दुमडत मोजत होती. एक. दोन. तीन आणि चार लागोपाठ. पाच. मग बऱ्याच वेळानं सहा.

मग नुसता धूर.

“सात झाले,” गुंडेराव म्हणाले. “मधले दोन एकदम उडाले.”

“सहाच,” बंडेप्पा म्हणाला.

कुणी सहा म्हणालं, कुणी सात. धूर निवला तरी कुणी उठलं नाही. न उडालेला बार असेल तर त्यावर पाणी सोडून एक रात्र जाऊ द्यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो हुकूम मुकादमानं द्यायचा. पिराप्पा मातीवर बसून गुडघा दाबत होता. हुकूम द्यायचा, तर तू स्वतः का बघत नाहीस, असं मालक विचारणार.

गुंडेरावांनी घड्याळ पाहिलं. मग लिंबावरचा फेटा सोडून हातात धरला. “जो आधी उतरंल त्याला हा. आत्ताच्या आत्ता, माझ्या हातानं बांधतो.”

फेट्याकडं कुणी पाहिलंच नाही. सगळे पिराप्पाकडं बघणार, तेवढ्यात काशाप्पा उठला. त्यानं धोतराचा काचा मारला. कोंडाबाईला कळलं, फेट्यासाठी नव्हे. सगळ्यांचे डोळे दाजींकडं वळू नयेत म्हणून तो उठला होता.

“काशा, कुठं जायलास?”

“खाली, अक्का. दाजींचा गुडघा हाय तसला. कुणीतरी जायाच पायजे की.”

त्यानं दोर कमरेला गुंडाळला. धाकटा होता तेव्हा तो असाच तिच्या लुगड्याचा पदर कमरेला गुंडाळून घ्यायचा. नवऱ्याची लाज राखायला तिनं गुडघ्याचा एक शब्द बोलून ठेवला होता, आणि त्या शब्दापायी हा पोरगा विहिरीत चालला होता. बोलावं तर नवऱ्याची तेरा वर्षांची मान जाते. न बोलावं तर भाऊ. एवढा सरळ हिशेब करायलाही तिला काशाप्पाचा एक पाय काठाखाली जाईपर्यंत वेळ लागला.

“थांब,” ती म्हणाली.

ती उठून पिराप्पासमोर गेली. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि इतक्या माणसांत कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्यानं बोलली.

“त्येंच्या गुडघ्याला काय बी झालं न्हाई. ते मी बोलले हुते. माझ्या मनानं.”

बंडेप्पानं मान खाली घातली. बाकीच्यांनीही. कुणाला नवल वाटल्याचं दिसलं नाही, आणि तेच तिला सगळ्यांत जड गेलं. गुंडेरावांचा फेटा धरलेला हात तसाच राहिला.

“मग का बसलाय ह्यो?” त्यांनी विचारलं. “आं? कामून बसलास रे पिराप्पा?”

कोंडाबाई बाजूला सरली. पुढचं तिनं सांगायचं नव्हतं.

पिराप्पा उठला. दोन्ही पाय सरळ टाकत काठावर गेला, काशाप्पाच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं आणि त्याच्या कमरेचा दोर सोडायला लागला. गाठ सुटेना, तेव्हा ती दातानं सैल केली. मग तो गुंडेरावांकडं वळला.

“मला भ्या वाटतंय, मालक,” तो म्हणाला. “जनवाड्याला तिप्पण्णा माझ्या हाकेवर खाली आला आन् मेला. तवापासनं मला विहिरीचं भ्या वाटतंय. आज इथनं कुणी बी उतरणार न्हाई.”