ओकच्या फळीवरची मोळीवाली

मित्रांनो, मी एक जुनी ओकची फळी आहे. वय विचारू नका, चारशेच्या पुढे मीही मोजलेलं नाही. अँटवर्पच्या सुताराने मला तासलं, वाळवलं आणि एकही गाठ नाही असं पाहून माझ्या पाठीवर शहराचा शिक्का डागला. तो मान सगळ्याच फळ्यांना मिळत नसे.

खडू आणि सरसाचे थर देऊन मला योस या चित्रकाराकडे पाठवलं. तीन महिने खपून त्याने माझ्यावर पान न् पान असलेलं जंगल रंगवलं. आमच्या गावात झाडं एकाने काढायची आणि माणसं दुसऱ्याने, अशी रीत. म्हणून शेजारचा लीवेन माणसं काढायला आला. योस मात्र माझ्यापुढे स्टूल टाकून बसला.

"सरक की. तुझ्या पाठीवर काढू का माणसं?" लीवेन म्हणाला.

"काढूच नकोस. तुझी ती लाल टोप्यांची माणसं माझ्या जंगलाचा सत्यानाश करतील."

"जंगल? कोबीचा वाफा वाटतोय लेका. झाड केवढं, हे कशावरून कळायचं?"

योसला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. शेवटी ठरलं की लीवेनने काढायचं, आणि नाहीच आवडलं तर रंग ओला असतानाच योसने पुसून टाकायचं. लीवेनने मोळी वाहणारी एक म्हातारी काढली, नखाएवढी. तिचं तोंडही दिसत नव्हतं.

योस फडकं घेऊन उठला. माझा जीव टांगणीला लागला. त्याने म्हातारीकडे पाहिलं, मग मान वर केली, आणखी वर केली. त्याचंच झाड आता त्याला आभाळाला भिडलेलं दिसत होतं. बऱ्याच वेळाने त्याने फडकं खाली ठेवलं, पिवळा रंग घेतला आणि म्हातारीच्या पुढ्यात वाटेवर थोडं ऊन टाकलं.

"ठेचकाळायची नाहीतर," तो पुटपुटला.

पुढे कितीतरी वर्षं मी एका घरात चुलीच्या वर टांगलेली होते. धुराने काळी पडले. कुणीतरी राखेच्या पाण्याने घासून माझं निम्मं आकाश खरवडलं. म्हातारी थोडक्यात वाचली. आता संग्रहालयात लोक माझ्याजवळ वाकून तिला शोधतात आणि मग माना वर करतात. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, जुन्या चित्रावर फडकं मारायची घाई करू नका. डाग समजून पुसायला जाल, आणि ते घराकडे निघालेलं कुणीतरी असेल.