आ करायला लावणारी खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर हौसेने कोणी बसत नाही. मी दंतवैद्याच्या दवाखान्यातली जुनी खुर्ची आहे. कारखान्यात मला लोखंडाचा सांगाडा मिळाला, हिरवं रेक्झीन मिळालं आणि पायाने दाबला की मला वर उचलणारा पंप मिळाला. पहिली तीस वर्षं मी मोठ्या डॉक्टरांकडे काढली. आता त्यांची मुलगी, म्हणजे आमच्या बाई, दवाखाना चालवतात.

मोठ्या डॉक्टरांच्या काळात गालाच्या आतली न भरणारी जखम वर्षातून दोन-तीनदा दिसायची, तीही बहुधा साठी ओलांडलेल्या विडीबहाद्दरांच्या तोंडात. बाईंच्या काळात असे रुग्ण महिन्याला एक-दोन येऊ लागले. काहींची पस्तिशीही उलटली नव्हती. तंबाखू-सुपारीच्या पुड्या, सिगारेट, वर दारू. एका शिक्षिकेला मात्र यातलं कसलंच व्यसन नव्हतं. तिच्या घशातली कॅन्सरची गाठ एका विषाणूमुळे झाली होती. त्यावर लस आहे, हे बाई तेव्हापासून प्रत्येक आईबापाला सांगतात.

एका सकाळी बसगाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक आला. वय चौतीस. सोबत थोरली बहीण.

"दाढ काढा आणि मोकळा करा मला. दोन गाड्या खोळंबल्यात," तो म्हणाला.

बाईंनी आ करायला सांगितलं. जेमतेम दोन बोटं शिरतील एवढंच तोंड उघडलं. आत जखम होती.

"किती दिवस झाले याला?"

"असतील दोन-तीन महिने. जेवताना झोंबतं जरा."

"दाढ आज नाही काढायची. आधी जखमेचा तुकडा तपासू. मला कॅन्सरची शंका येतेय."

त्याने माझा हात इतका घट्ट आवळला की रेक्झीन टरकलं. "आमचे वडील जन्मभर तंबाखू खात होते. त्यांना साधा खोकला झाला नाही," म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

बहीण मात्र थांबली. "बाई, चिठ्ठी लिहून द्या. त्याला कसा न्यायचा ते मी बघते."

पुढचं मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. ती थेट गॅरेजात जाऊन स्टुलावर बसली. "तुझी कामं उरक. मी इथेच आहे. इथून आपल्या दोघांना हॉस्पिटलात जायचंय." दुपारपर्यंत ती हलली नाही. शेवटी त्याने मुकाट्याने हात धुतले.

कॅन्सरच निघाला, पण लहान होता, मानेत उतरला नव्हता. शस्त्रक्रियेत गालाचा तुकडा गेला, दाढा गेल्या. पुडी सोडताना त्याने घर डोक्यावर घेतलं, पण सोडली.

दरम्यान माझा पंप बसला. नवी खुर्ची आली आणि मला कोपऱ्यात लोटून माझ्यावर खोकी रचली गेली. पुढच्या तपासणीला आलेल्या मेकॅनिकने मला पाहिलं.

"हिला भंगारात देऊ नका," तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. पंप उघडून त्याने वॉशर बदलला.

आता मी बाहेरच्या खोलीत असते. दर शनिवारी तो गॅरेजातल्या दोघा-तिघांना धरून आणतो आणि माझ्यावर बसवतो. गेल्या महिन्यात बाईंना एका रंगाऱ्याच्या जिभेखाली पांढरा चट्टा सापडला, कॅन्सर होण्याआधीच.

मित्रांनो, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, आवाज बसूनच राहिला किंवा मानेत गाठ लागली, तर लगेच दाखवा. घरातल्या मोठ्यांनाही घेऊन या; रागावले तर रागावू द्या. मला जागेवरून उठता येत नाही. यावं तुम्हालाच लागेल.