जुळं निघणार नाही

उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवून देणाऱ्या त्या कंपनीत जिला लहानथोर सर्वजण वहिनी म्हणत, तिला वास्तविक साऱ्या कार्यालयाची वहिनी होण्याची मुळीच हौस नव्हती. नियोजनाच्या कामावर ती प्रथम रुजू झाली त्या दिवशी तिचा सख्खा धाकटा दीर, जो तेथे आधीपासून मुख्य फिटर होता, तोंडात स्क्रू धरून जिना उतरत होता. तिला पाहताच त्याने स्क्रू हातावर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हटले, "या वहिनी, या!" झाले! त्या एका हाकेने तिचे बारसे उरकले. पहारेकऱ्यापासून हिशेबनिसापर्यंत सर्वांची ती वहिनी झाली आणि वडिलांच्या वयाचे मालकसुद्धा दोन दिवस अडखळून अखेर त्याच वाटेने गेले. तिनेही मग सूड म्हणून दिराला भर कार्यालयात भाऊजी म्हणण्याचे सोडले नाही. तेव्हा त्याचेही तेच नाव पडले.

वहिनीचे काम पाहायला सोपे आणि निभवायला अवघड होते. कंपनीच्या हाती एकाच वेळी अनेक इमारती असत. प्रत्येक इमारतीचा स्वतंत्र प्लॅन संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये मांडलेला असे. कोणते काम केव्हा, कशाच्या मागून काय, आणि ते करणार कोण, हे सर्व त्यात आडव्या पट्ट्यांनी दाखवलेले असे. सारे यथास्थित असेल तर पट्टी हिरवी दिसे. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन ठिकाणी नेमले की ती लाल होई. यंत्राला भीड ठाऊक नसते. मालकाचे पाहुणे बसलेले असोत की मालक स्वतः, लाल ते लालच.

परंतु या लालीवर त्या कार्यालयात एक उपाय रूढ झाला होता. त्याला तेथे 'जुळं काढणं' म्हणत. एखादा फिटर लाल झाला की त्यालाच वेगळ्या हुद्द्याने सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा नोंदवायचे. यंत्राची समजूत होई की हा कोणी निराळा देहधारी आहे, आणि पट्टी तत्काळ हिरवी होई. यात चोरीछुपीचे काही नव्हते. चहा मागवावा इतक्या सहजपणे हाक येई, "वहिनी, वेल्डर लाल झालाय, जुळं काढा की!" प्रथेचे जनक होते व्यवस्थापक. कोणतेही काम त्यांना आजच हवे असे, म्हणून माघारी त्यांना आजच साहेब म्हणत. पुढे भांडारपालाने सॉफ्टवेअरमधील माणसे मोजून हेल्मेटे मागवली, तेव्हा निम्मी हेल्मेटे कोणाच्याच डोक्याची निघाली नाहीत. भांडारातील वरच्या फळीवर ती पिवळीधमक रांग धूळ खात बसली. फिटर लोक त्या फळीला रामराम करीत आणि म्हणत, "काय मंडळी, आज सुट्टी वाटतं?"

सर्वांत अधिक जुळी भाऊजींची होती. लिफ्ट बसली तरी तिची लोड टेस्ट झाल्याखेरीज तिच्यात माणसाने पाऊल ठेवायचे नसते. पाळण्यात, म्हणजे लिफ्टच्या डब्यात, लोखंडी वजने भरायची, तो वरखाली पळवायचा, मध्येच अकस्मात ब्रेक लावायचा आणि तो भार धरतो की सुटतो हे पाहायचे. या चाचणीवर सही करण्याचा परवाना कंपनीत एकट्या भाऊजींकडे होता. सबब रुग्णालयाच्या प्लॅनमध्ये ते चाचणी प्रमुख होते, हॉटेलच्या प्लॅनमध्ये वरिष्ठ तंत्रज्ञ, वसाहतीच्या प्लॅनमध्ये सुरक्षा अधिकारी आणि वाचनालयाच्या प्लॅनमध्ये नुसतेच फिटर. चारही ठिकाणी ते हिरवेगार होते.

घरी मात्र त्यांचा रंग उतरत चालला होता. दोघे भाऊ एकाच घरात राहत. वहिनी आणि तिचा नवरा खाली, भाऊजींचे बिऱ्हाड वर. जेवण सर्वांचे एकत्र. त्या सायंकाळी भाऊजी पानावर बसले आणि घास हातात तसाच ठेवून डुलक्या घेऊ लागले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनीच्या जावेने, वाटी जरा आपटूनच ठेवली.

"अहो ताई," ती वहिनीला म्हणाली, "तुमच्या त्या कंप्युटरात हे चार चार आहेत म्हणे. एखादा आमच्याकडे पाठवा ना. नळ गळतोय कधीचा."

सगळे हसले. वहिनीही हसली.

जेवणे आटोपल्यावर भाऊजी ओट्यापाशी येऊन उभे राहिले. हात पुसून झाले होते, तरी ते पुसतच होते.

"वहिनी, एक बोलू?"

"बोला की."

"दवाखान्यातल्या खाटांच्या लिफ्टची टेस्ट काल झाली. सही केली मी. पण ब्रेक लावून पाहिला की नाही, ते मला आठवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही. तिथून हॉटेलात गेलो, तिथून वसाहतीत. सगळे पाळणे डोक्यात एकच झालेत. कुठला धरला, कुठला नाही, काही कळत नाही."

वहिनीने भांडे खाली ठेवले. त्या लिफ्टमधून रुग्णांना खाटेसकट नेणार होते.

सकाळ होताच कामावर जाण्यापूर्वी दोघे रुग्णालयात पोहोचले. भाऊजींनी वजने पुन्हा भरली, पाळणा वर नेला आणि ब्रेक लावला. धाडकन आवाज झाला आणि पाळणा जागच्या जागी खिळला. ब्रेक तपासला की ते यंत्रघरातल्या चाकावर खडूने खूण करीत, ती परवाची खूणही सापडली. तपासणी झाली होती.

"लागला ना हो!" वहिनी सुटकेने म्हणाली.

भाऊजी पायरीवर बसले. "लागला. पण मला आठवत नव्हतं, वहिनी. पुढच्या वेळेला खूण नसली तर?"

 कार्यालयाचा जिना चढताना तिच्या पावलांत जो जोर आला होता तो ऐकून पहारेकऱ्याने विनाकारण खुर्ची सोडली.

वर आजच साहेब तिची वाटच पाहत होते. रुग्णालय, हॉटेल, वसाहत आणि वाचनालय या चारही ठिकाणचे लोक विलंबामुळे कुरकुरू लागले होते आणि मालकांनी त्या सर्वांना दुपारी एकत्र बोलावले होते.

"चारही प्लॅन एकात जोडा," साहेब म्हणाले. "मोठ्या स्क्रीनवर दाखवायचेत. आणि सगळं हिरवं पाहिजे."

"जोडते. पण भाऊजी एकच राहतील."

"म्हणजे काय?"

"चारही प्लॅनमधले ते एकच माणूस आहेत. एकच नोंदवणार. जुळं निघणार नाही."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, चारही तारखा लाल होतील!"

"लालच आहेत त्या. आपण रंग फासलाय."

"दिराची वकिली करताय का वहिनी? घरचं घरी ठेवावं माणसानं."

हा टोला वर्मी बसला. क्षणभर वहिनीला कबूल करावे लागले की होय, दिराचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु लगेच तिला यंत्रघरातली ती खडूची खूणही दिसली.

"वकिली म्हणा, काही म्हणा," ती म्हणाली. "उद्या त्या पाळण्यात तुमची आई असली तर तुम्हीही हीच वकिली कराल."

"हे पाहा, ऐकायचं नसेल तर हे काम दुसऱ्याला देता येतं मला."

"द्या की. मालकांना सांगून द्या. तोवर मी आहे."

आणि ती कामाला बसली. चाचणी प्रमुख, वरिष्ठ तंत्रज्ञ, सुरक्षा अधिकारी आणि फिटर या चौघांना तिने एका नावाखाली आणले. त्याबरोबर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला. कामे एका माणसाला पेलतील अशी पुढे सारण्याची आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये होती, परंतु त्या कार्यालयात तिला कोणी कधी हात लावला नव्हता. वहिनीने ती दिली. पट्ट्या एकामागोमाग सरकल्या, एकीची पाठ संपली तेथे दुसरीचे डोके आले आणि सारे हिरवे झाले. मात्र रुग्णालय वगळता तिन्ही तारखा पुढे गेल्या होत्या, आणि हॉटेलची सर्वांत पुढे.

दुपारी मंडळी जमली. मालक अग्रभागी, शेजारी आजच साहेब, समोर रुग्णालयाच्या अधीक्षिका, हॉटेलचे धनी, वसाहतीचे सचिव आणि वाचनालयाचे ग्रंथपाल. पडदा उजळला. आपल्या ओळीवर दृष्टी पडताच हॉटेलचे धनी ताडकन उठले.

"ही तारीख कुठून आली? मला वेगळी सांगितली होती!"

"चूक झाली आहे," आजच साहेब घाईघाईने म्हणाले. "वहिनी, जुना प्लॅन लावा."

"हाच खरा आहे," वहिनी म्हणाली. 

"वहिनी!" मालक गरजले.

नेमक्या त्याच वेळी दार ढकलून भाऊजी आत आले. अंगावर ग्रीसचे डाग, हातात फोन. बैठकीचे निमंत्रण सॉफ्टवेअरने सकाळीच, चौघे एक होण्यापूर्वी, आपण होऊन ज्याच्या त्याच्या फोनवर धाडले होते, आणि चारही जुळ्यांचा फोन एकच होता.

"चार वेळा बोलावलंत साहेब," ते म्हणाले, "म्हटलं काहीतरी मोठंच असणार."

अधीक्षिकाबाईंचा चेहरा उजळला. "हे आले आमचे चाचणी प्रमुख!"

"तुमचे कसे?" हॉटेलचे धनी म्हणाले. "हे आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ. फक्त आमच्यासाठी ठेवलेत, असा साहेबांनी शब्द दिलाय."

"अहो, काय बोलता! हे आमचे सुरक्षा अधिकारी," सचिव उठून म्हणाले.

ग्रंथपाल हळूच म्हणाले, "मला तर फिटर म्हणून सांगितले होते."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले, मग चौघांनी मिळून आजच साहेबांकडे पाहिले. भाऊजी मधोमध उभे होते. हातातील फोन कोठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हते.

"माणूस हा एवढाच आहे," वहिनी म्हणाली. "कुणाला कधी मिळेल, ते भिंतीवर दिसतंय. त्याच्याआधी हवा असेल, तर यांना चार तुकड्यांत न्या."

हॉटेलचे धनी बडबडत निघून गेले. सचिवांनी कपाळाला आठ्या घालून तारीख टिपून घेतली. ग्रंथपालही उठले. शेवटी राहिलेल्या अधीक्षिकाबाई भाऊजींसमोर येऊन थांबल्या.

"मुख्य दाराजवळच्या दुसऱ्या लिफ्टची टेस्ट अजून राहिलीय ना? थोडी उशिरा झाली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण याल तेव्हा झोप घेऊन या."

दार लागताच मालकांचा बांध फुटला. चारचौघांत कंपनीचे नाक कापले गेले, हे त्यांनी अनेक परींनी सांगितले आणि शेवटी म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत सगळं पहिल्यासारखं करा. नाहीतर प्लॅन साहेबांच्या ताब्यात देतो."

"द्या," वहिनी म्हणाली. "माझ्या हातून जुळं निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने संगणक उघडला तेव्हा प्लॅन दिसत होते, परंतु एकही पट्टी हलत नव्हती. तिला केवळ पाहण्याची मुभा उरली होती. भाऊजी पुन्हा चौघे झाले होते आणि चौघेही हिरवे होते.

वहिनीने संगणक बंद केला आणि ती भांडारात गेली. ज्या भिंतीवरून फिटर मंडळी रोज सकाळी आपापली हत्यारे घेत, त्या भिंतीवर तिने खडूने इमारतींची नावे लिहिली आणि प्रत्येक नावाखाली खिळे ठोकले. मग वापरातले एकेक हेल्मेट घेऊन त्याच्या आत खऱ्या माणसाचे नाव घातले आणि ज्याचे काम जेथे, तेथे ते टांगले.  एक डोके, एक हेल्मेट, एक खिळा. भाऊजींचे हेल्मेट रुग्णालयाखाली होते. मंडळी आली, भिंतीकडे पाहून गालात हसली आणि आपापले हेल्मेट काढून आपापल्या वाटेने गेली.

हॉटेलवर चाचणीला कोणीच पोहोचले नाही, तेव्हा आजच साहेब धावत भांडारात आले. त्यांनी भिंत पाहिली. वरच्या फळीवरचे एक कोरे हेल्मेट त्यांनी ओढून काढले, फुंकून धूळ उडवली आणि हॉटेलच्या खिळ्याला अडकवले.

"हे भाऊजींचं!" ते म्हणाले.

वेल्डर दारातच उभा होता. "भाऊजी दवाखान्यात गेले साहेब. हे दुसऱ्या भाऊजींचं असेल. ते आले की देतो."

पिवळेधमक हेल्मेट दिवसभर तेथे लोंबकळत राहिले. हॉटेलमधून फोनवर फोन आले. साहेब दोनदा भाऊजींना बोलावण्यास रुग्णालयापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा भाऊजी यंत्रघरातून ओरडले, "एक संपवून दुसरं घेतो साहेब! भिंतीवर बघा!"

सायंकाळी स्वतः मालक भांडारात आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी भिंतीवरचे एकेक नाव वाचले. वहिनी खिळ्यांच्या डब्याजवळ उभी होती. ती बाजूला झाली नाही.

अखेर मालकांनी हात वर केला, ते कोरे हेल्मेट खिळ्यावरून काढले आणि फळीवर जागच्या जागी ठेवले.

"हॉटेल कधी?" त्यांनी भिंतीकडे पाहतच विचारले.

"दवाखाना संपला की. भाऊजी एक रात्र झोपले की."

मालकांनी खिशातून फोन काढला आणि आजच साहेबांना सांगितले, "या भिंतीप्रमाणे प्लॅन भरा. हो, तुम्हीच भरा. आजच."

वहिनीला प्लॅन बदलण्याची मुभा परत मिळाली नाही आणि तिनेही ती मागितली नाही. तिने डब्यातून एक खिळा घेतला आणि हॉटेलच्या नावाखाली आणखी जरा घट्ट ठोकला.