काचेच्या कपाटातले तात्यासाहेब

मेडिकल कॉलेजच्या हॉलमध्ये, म्हणजे जिथं मुलं मृतदेहावर शरीररचना शिकतात तिथं, आबांनी एकतीस वर्षं नोकरी केली. देह टिकवणं, हाडं उकळून साफ करणं, तारेनं सांधून सांगाडा उभा करणं, सगळं आबांच्या हातचं. संस्थानी काळापासूनच्या त्या कॉलेजचा इतिहास स्मरणिकेत छापलाय. त्यात डीन आहेत, देणगीदार आहेत, दवाखान्यासमोरचं कारंजंसुद्धा आहे. आबा कुठल्याच पानावर नाहीत. त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचं वैर एकट्या तात्यासाहेबांशी होतं.

तात्यासाहेब खात्याचे प्रमुख. आबांचा मुलगा प्रसेनजीत त्याच कॉलेजात डॉक्टरकीला लागला तेव्हा आबांनी बुद्धविहारात पेढे वाटले होते. तात्यासाहेबांनी त्याला तोंडी परीक्षेत एकदा नाही, चार वेळा पाडलं. बाहेरचा परीक्षक पास करायला निघाला होता, हे आबांनी दाराआडून स्वतः ऐकलं. चौथ्या वेळी नियमानं पोराचं नाव कटलं. आबा हातापाया पडायला गेले, तर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "एका घरातला एक माणूस या खात्यात पुरे, आबा."

हे ब्याण्णव सालचं. प्रसेनजीत आता गडहिंग्लजला औषधाच्या दुकानात पुड्या बांधतो. बापाशी तो पुन्हा धड बोलला नाही. आबांनी मनाशी गाठ मारून ठेवली.

अठ्ठ्याण्णवला तात्यासाहेब वारले. जाताना लिहून ठेवलं होतं, देह कॉलेजला द्यावा आणि सांगाडा नावाच्या पाटीसह काचेच्या कपाटात उभा करावा. हॉलची रीत अशी, की देह आत आला की नाव दाराबाहेर राहतं, उरतो फक्त नंबर. साहेबांना मेल्यावरही रीत लागू व्हायला नको होती. काम अर्थातच आबांकडे आलं.

काही महिन्यांनी कपाट सजलं, पितळी पाटी चकचकली. आत उभी होती चिमणाबाई. नृसिंहवाडीच्या घाटावर भीक मागणारी, वॉर्डात बेवारस मेलेली. आबांनी मुद्दाम बाईमाणूस निवडलं. कमरेचं हाड बघून बाई की पुरुष, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगतं. मोठमोठ्या डॉक्टरांना कळतंय का, हे आबांना बघायचं होतं. नाही कळलं. पाटी वाचल्यावर हाडाकडं कोण बघतो? दर वर्धापनदिनी भाषणं व्हायची, साहेबांच्या पत्नी हार घालायच्या, आणि आबा मागं हात जोडून उभे राहायचे. एवढं सुख त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशानं दिलं नव्हतं.

दोन हजार सातला, आबांच्या निवृत्तीला महिना उरला असताना, हार घालून झाला आणि पहिल्या वर्षाची अपूर्वा, हुपरीची पोर, सगळ्यांदेखत म्हणाली, "मॅडम, पण हा सांगाडा बाईचा आहे."

खात्याच्या आताच्या प्रमुख मॅडमनी कपाटाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या थंडपणे म्हणाल्या, "साहेबांचा बांधा नाजूक होता. आणि तुझी तोंडी परीक्षा माझ्याकडेच आहे, लक्षात ठेव." पोरीनं मान खाली घातली.

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर तोंड मिटून राहिले असते तर पेन्शन सुखरूप होती.

"पोरगी बरोबर बोलतीया," ते म्हणाले. "ती चिमणाबाई हाय. म्याच उभी केलीया."

मॅडमनी विचारलं, "मग तात्यासाहेब कुठे आहेत?"

"पेट्यांत. पोरांस्नी अभ्यासाला हाडांच्या पेट्या देतो न्हवं, त्यांत वाटून टाकलंय म्या त्यास्नी. कवटी मुलांच्या हॉस्टेलात खाटंखाली हाय, पोरं तिच्यावर पेनानं रेघा मारत्यात. डावा हात ह्या पोरीकडंच असंल. नंबर हाय, नाव न्हाय."

साहेबांच्या पत्नी हार काढायला पुढे झाल्या. आबांनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब. नऊ वर्सं तुमच्याच हातनं घातलासा."

निलंबनाचा कागद हातात पडला तेव्हा चार वाजले होते. आबांनी तो न वाचताच खिशात कोंबला. गडहिंग्लजची एसटी लगेच मिळाली तर दुकान बंद व्हायच्या आत पोराला गाठता येणार होतं.