लॉर्नचा झाडू

माझे बाबा आयुष्यात सिगारेटला शिवले नाहीत. आणि इंटरनेटवर आमच्या मेलबेक गावच्या पानावर काय लिहिलेलं? ‘धान्यमनोऱ्याची १९७१ची आग कारभारी स्टेफन ह्रुश्का यांच्या सिगारेटमुळे लागली.’ वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य साठवायचे जुने लाकडी मनोरे आहेत, त्यांची माहिती आम्ही वीस-पंचवीस जण फावल्या वेळात एका साइटवर गोळा करतो. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं. शाळकरी पोर असो की सत्तरीचा म्हातारा, सगळ्यांना अरे-तुरे. चौघांकडे तेवढा ‘झाडू’ असतो, म्हणजे कचरा पुसायचा आणि पानाला कुलूप घालायचा अधिकार. झाडूच म्हणायचं, कारण ती सफाई आहे, पाटीलकी नव्हे. आणि पहिला नियम असा की स्वतःच्या भांडणात झाडू चालवायचा नाही.

हा नियम लिहिला लॉर्न पेटिग्रूनं. साइटही त्याचीच, ती चालते ते मशीन त्याच्या तळघरात.

मी गावच्या म्युझियममधून आगीचा अहवाल काढला. पट्ट्याचं चाक घासून तापलं, धान्याच्या धुळीनं पेट घेतला, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी ओळ बदलली. लॉर्ननं ती काढली. ‘माझ्या मामानं डोळ्यांनी पाहिलंय,’ म्हणे. मी पुन्हा घातली, त्यानं पुन्हा काढली. तिसऱ्यांदा गेले तर पानाला कुलूप! कुंपणानंच शेत खाल्लं की!

रविवारी आईला नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. जेवणानंतर माझी नातवंडं तिला तेच पान टीव्हीवर मोठं करून दाखवणार होती. पन्नास वर्षं बाबांबद्दलची गावाची कुजबुज ऐकलेली बाई ती. आता वाढदिवसाला हे वाचणार?

मी मर्सेलिनला फोन लावला. तिच्याकडेही झाडू आहे.

“काढ कुलूप.”

“लॉर्नचं? अगं आर्लीन, वेड लागलंय का तुला? साइट त्यानं उभी केलीय!”

“मग काय देव झाला तो? की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?”

ती म्हणाली, “तक्रार टाक. मतदान होऊ दे.”

टाकली. लॉर्नचा झाडू काढावा की नाही, रविवारी दुपारी बारापर्यंत मतं. शनिवारभर मी फोन हातातून सोडला नाही. पीठ मळताना बोटांना कणीक, तरी स्क्रीन उघडतेच आहे! पाच-पाच. नऊ-सहा. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, तेही येऊन मत टाकत होते. बाराच्या ठोक्याला चौदा विरुद्ध सात. मी स्वयंपाकघरात अशी ओरडले की आई दचकली.

आणि बारा वाजून दोन मिनिटांनी साइट गेली. अख्खी! पांढरा पडदा.

मर्सेलिनचा फोन. “वायर उपटली म्हाताऱ्यानं! आपली अकरा वर्षांची मेहनत गं!”

हे मीच ओढवून घेतलं होतं ना? टेबलावर बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी निवत होत्या. थोरला नातू टीव्ही लावून बसला होता. “आजी, पान उघडत का नाहीये?”

“थांब रे बाबा, जीव खाऊ नकोस.”

बारा चाळीसला पडदा हलला. साइट परत आली! लॉर्नच्या नावापुढचं झाडूचं चिन्ह गायब. खाली त्याचा मजकूर होता:

‘माझा झाडू मशीन बंद केल्याशिवाय निघत नाही. पूर्वी कधी काढावाच लागला नव्हता, त्यामुळे शोधायला वेळ गेला. मर्सेलिन, मेलबेकचं कुलूप काढशील का? आर्लीनचा अहवाल आज पहिल्यांदा नीट वाचला. मामा चुकला. ओळ मला बदलायचीय, पण आता माझ्या हातात काही नाही.’

मर्सेलिननं क्षणात कुलूप काढलं. माझी बोटं शिवशिवत होती, पण मी थांबले. त्याची ओळ त्यालाच लिहू दिली.

जेवण झाल्यावर आईनं चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, “आग पट्ट्याचं चाक तापून लागली. कारभारी स्टेफन ह्रुश्का यांनी आत अडकलेल्या दोघांना बाहेर काढलं.” अहवालातली ही दुसरी गोष्ट तर मीही लिहायची विसरले होते.

मग तिनं विचारलं, “हे कोणी लिहिलं गं? तिथल्या मोठ्या साहेबानं?”

“नाही गं आई,” मी डोळे पुसत म्हटलं. “आमच्यातल्याच एकानं.”